गोल्फ सिम्युलेटरचे आकडे: कोणते मोजलेले आणि कोणते गणिताने काढलेले?

ताराबाई पार्ककर (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि गेली काही वर्षे ती गोल्फ अगदी मन लावून खेळते. आम्ही कोल्हापुरात ताराबाई पार्क भागात राहतो. १८ होलच्या मैदानावरच्या सरावासाठी आम्ही पुण्याला जातो; पण शाळा, परीक्षा आणि त्यातून पुन्हा पावसाळ्याचे चार महिने यांमुळे तिच्या सरावात मोठे खंड पडतात. ते भरून निघावेत म्हणून घरामागच्या जुन्या गोदामात सिम्युलेटर (पडद्यावर खरा चेंडू मारला की त्याचा पुढचा प्रवास चित्रात दाखवणारी यंत्रणा) बसवण्याचा विचार चालू आहे. गोदाम पत्र्याच्या छताचे असून आतून २२ फूट लांब, १५ फूट रुंद आणि मध्यभागी १२ फूट उंच आहे. जागेची अडचण नाही. अडचण आहे ती आकड्यांची.

मागच्या सुट्टीत ती एका मोठ्या शहरातील सिम्युलेटर केंद्रात नियमित सराव करत होती. तेथील पडद्यावर तिच्या सात नंबर आयर्नचा (मधल्या पल्ल्याचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी) फटका बहुतेक वेळा १५० यार्डांच्या आसपास दिसे. त्यावर विसंबून तिने पुढच्या स्पर्धेत १४८ यार्डांवरच्या ग्रीनसाठी (भोकाभोवतीची बारीक गवताची जागा) तोच क्लब घेतला आणि चेंडू समोरच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) पडला. एकदाच असे झाले असते तर फटका चुकला म्हणून सोडून दिले असते. परंतु त्या फेरीत आयर्नचे चांगले बसलेले फटकेही जवळजवळ सगळे ग्रीनच्या अलीकडे राहिले. नंतर दुसऱ्या एका यंत्रावर तोच क्लब घेऊन पाहिले, तर आकडा १३८ आला. "बाबा, मग मी नक्की किती लांब मारते?" असे तिने विचारले, तेव्हा मला काहीही उत्तर देता आले नाही.

आता विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवली आहेत. त्यांतील बरीचशी रक्कम प्रोजेक्टर, पडदा, टर्फ आणि परदेशांतील नामांकित मैदानांच्या सॉफ्टवेअरची आहे. प्रत्यक्ष चेंडू मोजणाऱ्या यंत्राचा उल्लेख मात्र 'हाय ॲक्युरसी सेन्सर' असा एका ओळीत उरकलेला आहे. ही अचूकता किती, ती कोणत्या आकड्याची आणि ती तपासली कशी, असे मी विचारले, तेव्हा एका प्रतिनिधीने "साहेब, घरच्या वापराला एवढे पुरते" असे सांगितले. मित्रमंडळींच्या करमणुकीला ते पुरत असेलही. परंतु येथे एक मुलगी त्या आकड्यांवरून आपला क्लब निवडणार आहे आणि कदाचित आपला स्विंगही बदलणार आहे.

दोन यंत्रांत एवढा फरक कशामुळे पडतो, कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा आणि पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याला नेमके काय विचारावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

येरवड्याचा फेअरवे

नमस्कार. मी पुण्यात लहान मुलांना आणि हौशी खेळाडूंना गोल्फ शिकवतो व क्लब फिटिंगचेही काम करतो, त्यामुळे आपल्या मुलीचा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येत असतो.

सर्वप्रथम एक साधी गोष्ट तपासा. पहिल्या केंद्रातील १५० हा आकडा कॅरीचा होता की एकूण अंतराचा? कॅरी म्हणजे चेंडू हवेतून जाऊन जमिनीला पहिल्यांदा टेकतो तेथपर्यंतचे अंतर. त्यापुढचे घरंगळणे त्यात धरलेले नसते. अनेक पडद्यांवर एकूण अंतर ठळक अक्षरांत आणि कॅरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. समोर बंकर असताना उपयोगाची असते ती कॅरी. आपल्या १२ यार्डांच्या फरकातील काही भाग येथेच सुटेल असा माझा अंदाज आहे, पण सगळा सुटेल असे मला वाटत नाही.

उरलेल्या फरकाचे मूळ समजण्यासाठी सिम्युलेटर काय करतो ते पाहावे लागेल. चेंडू पडद्यावर आदळतो त्या क्षणी त्याचा खरा प्रवास संपतो. पुढचे सगळे, म्हणजे उंच जाणे, वळणे, ग्रीनवर पडून थांबणे, हे सॉफ्टवेअरने केलेले गणित असते. त्या गणिताला सुरुवातीची मोजकी मापे लागतात: चेंडूचा वेग, तो वर किती अंशांनी निघाला, डावी-उजवीकडे किती अंशांनी निघाला, त्याला मिनिटाला किती फेऱ्यांचा स्पिन (स्वतःभोवती फिरणे) होता आणि त्या स्पिनचा अक्ष किती कललेला होता. ही मापे बरोबर असतील तर साधारण प्रतीचे चित्रसुद्धा खरा खेळ दाखवते आणि ती चुकली तर स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज मैदानाचे कितीही देखणे चित्र खेळाडूला खोटेच शिकवते.

हे मोजणे किती अवघड आहे याची कल्पना यावी म्हणून थोडा हिशेब मांडतो. चेंडू ताशी १०० मैल वेगाने निघाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ४५ मीटर. पडदा तीन मीटरवर असेल तर यंत्राला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग मिळतो. त्या चेंडूचा स्पिन मिनिटाला ६,००० फेऱ्या असेल, तर पहिल्या फूटभराच्या प्रवासात तो पाऊण फेरीसुद्धा पूर्ण करत नाही. कॅमेऱ्यावर चालणारी यंत्रे त्या फूटभरातच एकामागून एक छायाचित्रे घेतात आणि चेंडूवरच्या खुणा किती फिरल्या यावरून स्पिन आणि त्याचा अक्ष ठरवतात. फोरसाइट कंपनीच्या जीसीक्वाड या यंत्रात यासाठी चार कॅमेरे असतात. रडारवर चालणारी यंत्रे डॉप्लर तत्त्वाने (हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरींतील बदल पाहून) चेंडूचा मागोवा घेतात. ट्रॅकमन ही डेन्मार्कची कंपनी आणि फ्लाइटस्कोप ही दक्षिण आफ्रिकेची कंपनी या मार्गाने पुढे आल्या. उघड्या मैदानावर रडारची ताकद मोठी असते, कारण ते चेंडूला तो पडेपर्यंत पाहू शकते. बंद खोलीत तेच रडार जेमतेम काही मीटर पाहते. तेवढ्यात वेग उत्तम मिळतो. स्पिन मिळवणे कठीण जाते. म्हणूनच खोलीत रडार वापरताना चेंडूवर धातूचा छोटा ठिपका चिकटवतात किंवा रडारला दिसेल अशी खूण आत असलेले, टायटलिस्ट कंपनीच्या आरसीटीसारखे चेंडू वापरतात. यातील चांगली यंत्रे आता रडारच्या जोडीला कॅमेराही ठेवतात.

आता मुद्द्याची गोष्ट. स्वस्त यंत्राला स्पिन दिसला नाही तरी ते पडद्यावर 'स्पिन दिसला नाही' असे लिहीत नाही. वेग, उड्डाणकोन आणि आपण निवडलेला क्लब यांवरून ते एक आकडा बसवते आणि मोजलेल्या आकड्यांच्या शेजारी त्याच टाइपात छापते. चांगल्या फटक्याला असा बसवलेला आकडा बऱ्याचदा खऱ्याच्या जवळ जातो, आणि म्हणूनच डेमोच्या वेळी सगळे छान वाटते. फसगत होते ती वाईट फटक्याला. उदाहरणार्थ, उजव्या हाताच्या खेळाडूचा ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) चेंडूला टोकाकडच्या बाजूने लागला, तर क्लबचे तोंड आघाताने किंचित फिरते आणि चेंडूला डावीकडे वळवणारा स्पिन मिळतो; याला आम्ही गिअर इफेक्ट म्हणतो. क्लबच्या मार्गावरून स्पिन काढणाऱ्या यंत्राला याचा पत्ताच नसतो. मैदानावर डावीकडे झाडीत गेला असता तो फटका पडद्यावर फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) मधोमध दिसतो. सरावाला आलेल्या मुलीला नेमका ज्या चुकीचा आरसा हवा होता, तीच चूक झाकली जाते.

स्पिनचा आकडा एवढा का महत्त्वाचा, तेही सांगतो. ट्रॅकमनने प्रसिद्ध केलेल्या पीजीए टूरच्या (अमेरिकेतील पुरुष व्यावसायिकांच्या स्पर्धांच्या) सरासरीत ड्रायव्हरचा स्पिन मिनिटाला २,७०० फेऱ्यांच्या आसपास आणि सात नंबर आयर्नचा ७,१०० च्या आसपास आहे. समजा एखाद्या मुलीच्या सात नंबर आयर्नचा खरा स्पिन ६,००० आहे आणि यंत्र तो ४,५०० धरते. पडद्यावर चेंडू खालून जाईल, लांब जाईल आणि ग्रीनवर पडून पुढे घरंगळेल. मग पालक किंवा प्रशिक्षक म्हणतील की हिचा चेंडू थांबत नाही, क्लब बदला किंवा चेंडूवर आणखी खाली मारायला शिकवा. नसलेल्या आजारावर औषध सुरू होते. पंधराव्या वर्षी स्विंगमध्ये बसलेली चुकीची दुरुस्ती काढायला फार वेळ लागतो, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलेले आहे.

आणखी एक गोष्ट कोणतेही यंत्र सांगत नाही. मॅटवर चेंडूच्या दोन बोटे मागे आदळलेला क्लब उसळून पुढे सरकतो आणि चेंडूला बऱ्यापैकी लागतो. तोच क्लब गवतावर जमिनीत रुतला असता. यंत्राने चेंडू अचूक मोजला तरी तो फटका मैदानावर तसा निघणार नाही. म्हणून चांगली मॅट निवडा आणि आघाताचा आवाज ऐकण्याची सवय मुलीला लावा.

अंतराच्या मोहाबद्दल एवढेच म्हणेन की टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक लांब मारणाऱ्यांपैकी नसतानाही पदकापासून केवळ एका फटक्याने दूर राहिली. आपल्या मुलीला १३८ हा आकडा कमी वाटत असेल, तर तिला सांगा की खरा १३८ हा तिच्या हातातील मोठा आधार आहे. फुगवलेल्या १५० वर तिला कोणताच निर्णय घेता येणार नाही.

शिरोली क्यूसी

वरील उत्तर फार उत्तम आहे. मी गोल्फ खेळत नाही, पण शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आणि मशीनशॉपच्या गुणवत्ता विभागात माझे आयुष्य गेले आहे आणि हा प्रश्न मला अगदी ओळखीचा वाटला. आमच्याकडे ग्राहक कास्टिंगपेक्षा (ओतीव भागापेक्षा) गेजवर (मोजण्याच्या साधनावर) अधिक प्रश्न विचारतो: हे गेज कोणी तपासले, कधी तपासले, कोणत्या तापमानाला तपासले. मशीनवरून नुकत्याच उतरलेल्या गरम जॉबचा (घडवलेल्या भागाचा) ४० मिलिमीटरचा बोअर (आतले गोल भोक) लगेच मोजला, तर तो सहा-सात मायक्रॉन मोठा दिसू शकतो, कारण मापाचे प्रमाण तापमान २० अंश आहे. गेज चांगले, माणूस अनुभवी, तरीही आकडा चुकीचा. यंत्राचा आकडा कोणत्या परिस्थितीत घेतला हे माहीत नसेल, तर आमच्या धंद्यात तो आकडा कागदावर धरतच नाहीत. आपणही धरू नये.

ताराबाई पार्ककर साहेब, आपण विक्रेत्याला अचूकता विचारलीत. ती दोन वेगवेगळ्या गोष्टींत मोडून विचारा. एक असते कायमची तफावत: यंत्र प्रत्येक फटका पाच यार्ड जास्त दाखवते, पण दरवेळी पाचच. दुसरा असतो विखुरलेपणा: तोच चेंडू तशाच रीतीने गेला तरी कधी दोन यार्ड जास्त, कधी नऊ यार्ड कमी. पहिल्या दोषाला इलाज आहे. तफावत माहीत असली की ती वजा करता येते किंवा सेटिंगमध्ये दुरुस्त करता येते. दुसऱ्या दोषाला इलाज नाही. आणि दुर्दैव असे की सरासरी काढली की दुसरा दोष लपतो. विक्रेता जेव्हा म्हणतो की आमच्या यंत्राची सरासरी महागड्या यंत्राशी जुळते, तेव्हा त्याने मला काहीच सांगितलेले नसते.

आमच्याकडे गेज आर अँड आर (पुन्हा मोजल्यावर आकडा तोच येतो का याची चाचणी) करताना तोच जॉब पुन्हा पुन्हा मोजता येतो. गोल्फमध्ये ती सोय नाही, कारण कोणताही माणूस हुबेहूब तोच फटका दोनदा मारू शकत नाही. त्यामुळे एका यंत्रावर आज दहा आणि दुसऱ्या यंत्रावर उद्या दहा फटके मारून तुलना करणे व्यर्थ आहे. त्यात मुलीच्या स्विंगमधला फरक आणि यंत्रांमधला फरक एकत्र मिसळतो. यावर मार्ग एकच: दोन्ही यंत्रे एकाच वेळी एकाच चेंडूवर लावावीत. कॅमेऱ्याचे यंत्र बहुधा बाजूला बसते आणि रडार मागे, त्यामुळे हे शक्य आहे. मग प्रत्येक फटक्याला दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा आणि फक्त वजाबाकीचा स्तंभ पाहा. वजाबाकी ४, ५, ४, ६, ५ अशी आली तर निश्चिंत व्हा. दोन यंत्रांत एक स्थिर तफावत आहे. ती २, १४, उणे ६, ९ अशी आली, तर दोहोंपैकी एक यंत्र अंदाजपंचे बोलते आहे.

हा स्तंभ फक्त अंतरासाठी करू नका. अंतर हे शेवटी निघणारे फळ आहे. त्यात दोन चुका एकमेकींना खोडूनही बरोबर उत्तर येऊ शकते. वेग, उड्डाणकोन, दिशा आणि स्पिन यांचे चार वेगळे स्तंभ करा. आणि त्यात मुद्दाम मारलेले वाईट फटके जरूर घ्या: टोकाला लागलेले, टाचेला लागलेले, वरच्या कडेने सरपटत गेलेले. गेजची परीक्षा चांगल्या जॉबवर होत नसते. रिजेक्ट होणारा जॉब ते रिजेक्ट म्हणून दाखवते का, यावर होते.

गोकुळ शिरगाव ऑटोमेशन

दोन्ही उत्तरांना जोडून जागेबद्दल थोडे लिहितो. सेन्सर बसवणे हे माझे रोजचे काम आहे आणि उत्तम सेन्सर वाईट बसवला की तो वाईट सेन्सरच होतो.

तुमचे गोदाम पत्र्याचे आहे. रडार घेणार असाल तर पत्र्यावरून आणि आसपासच्या लोखंडी कपाटांवरून लहरी परावर्तित होतात, हे लक्षात ठेवा. फिरता पंखा रडारच्या टापूत अजिबात नको, कारण डॉप्लर यंत्र हालचालच शोधत असते आणि पात्यांची हालचाल त्याला दिसते. कॅमेऱ्याचे यंत्र घेणार असाल तर प्रकाश सांभाळा. ही यंत्रे बहुधा इन्फ्रारेड झोताने चेंडू उजळतात. दुपारी खिडकीतून किंवा पत्र्याच्या फटीतून मॅटवर ऊन पडले तर त्यात भरपूर इन्फ्रारेड असते आणि रीडिंग गळू लागतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लेन्सवर ओल धरते, उन्हाळ्यात धूळ बसते. लेन्स पुसायचे कापड यंत्राजवळच ठेवा आणि यंत्राला चांगल्या यूपीएसवर घ्या.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे यंत्राची रेषा आणि पातळी. यंत्र लक्ष्याकडे एक अंशाने वाकडे बसले, तर १५० यार्डांवर चेंडू सुमारे ८ फूट बाजूला दाखवला जाईल. एक अंश म्हणजे किती, तर दोन मीटरच्या रेषेत साडेतीन सेंटिमीटर. मॅट पायाने एवढी सहज सरकते. असे झाले की सरळ मारणारी मुलगी नकळत त्या चुकीला जुळवून घेऊ लागते आणि मैदानावर गेल्यावर तिचा नेम बिघडलेला दिसतो. म्हणून जमिनीवर लेझरने रेषा मारून घ्या, मॅटच्या कोपऱ्यांना जमिनीत खुणा करा आणि सराव सुरू करण्यापूर्वी त्या जुळतात का ते पाहण्याची शिस्त लावा. पातळीचेही तसेच: यंत्र पुढे-मागे कलले की उड्डाणकोन चुकतो आणि आडवे कलले की स्पिनचा अक्ष चुकतो. वरच्या तुळईला टांगायचे यंत्र असेल, तर वाऱ्याने तुळई हलते का तेही पाहा.

शेवटचे सेटिंगबद्दल. सॉफ्टवेअरमध्ये उंची आणि तापमान भरायचे रकाने असतात आणि ते बहुतेकदा कारखान्यातून येतात तसेच राहतात. समुद्रसपाटीपासून वर जावे तशी हवा विरळ होते आणि चेंडू लांब जातो. ढोबळ हिशेब असा की दर हजार फुटांमागे एका टक्क्याहून थोडी अधिक वाढ होते. कोल्हापूर आणि पुणे दोन्ही साधारण साडेपाचशे मीटरांवर, म्हणजे सुमारे १,८०० फुटांवर आहेत. १४० यार्डांच्या फटक्याला तीन यार्डांचा फरक येथेच पडतो. मुलगी पुण्यात खेळणार असेल तर कोल्हापूरचीच उंची भरा. मुंबईच्या स्पर्धेची तयारी करताना शून्य भरून पाहा.

ताराबाई पार्ककर

आपणां सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या केंद्रातील मुलीने काढून ठेवलेले पडद्याचे छायाचित्र पुन्हा पाहिले. १५० हा आकडा एकूण अंतराचाच होता आणि कोपऱ्यात कॅरी १४३ अशी होती. म्हणजे सात यार्डांचा उलगडा झाला. दुसऱ्या यंत्रावरील १३८ ही कॅरीच होती, हेही विचारून घेतले. उरलेल्या पाच यार्डांपैकी काही उंचीच्या सेटिंगमुळे असू शकतील. स्पिनच्या रकान्यात मात्र त्या छायाचित्रात सलग चार फटक्यांना जवळजवळ एकच आकडा दिसतो आहे, ते मला आता खटकते आहे.

एक अडचण अशी की दोन यंत्रे एकाच वेळी लावून पाहण्याची विक्रेत्यांची तयारी नाही. एक विक्रेता त्याचे यंत्र दोन दिवसांसाठी घरी आणून द्यायला तयार आहे. एकट्या यंत्राची परीक्षा कशी घ्यावी?

येरवड्याचा फेअरवे

सलग चार फटक्यांना एकच स्पिन हे चांगले लक्षण नाही. आपण मोठे खेळाडू पाहिले तरी त्यांच्याही फटक्या-फटक्यांत शे-दोनशे फेऱ्यांचा फरक पडतोच. तो आकडा बसवलेला असण्याचीच शक्यता अधिक.

एकट्या यंत्राची परीक्षा गोदामात दोन प्रकारे घेता येईल. सात नंबर आयर्न हातात असताना सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम पाच नंबर निवडा आणि स्पिनचा आकडा बदलतो का ते पाहा. चेंडू मोजणाऱ्या यंत्राला क्लबचे नाव माहीत असण्याची गरज नाही. नाव बदलल्यावर स्पिन हजार-दीड हजाराने उतरला तर उत्तर मिळाले. त्यानंतर चेंडू बदलून पाहा. घासलेले रेंजचे (सरावाच्या मैदानावरचे) चेंडू आणि मुलगी स्पर्धेत वापरते ते चेंडू आलटून-पालटून मारा, विशेषतः वेजने (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबने). चांगल्या चेंडूचे आवरण मऊ असल्याने त्याला स्पिन स्पष्टपणे जास्त मिळतो. यंत्राला तो फरक दिसलाच पाहिजे.

खरी परीक्षा मात्र बाहेरच आहे, आणि त्यासाठी कोल्हापूरसारखी जागा नाही. हंगामात ऊस तुटून गेल्यावर खोडवा (त्याच खोडांतून येणारे पुढचे पीक) न ठेवता नांगरलेले रान ओळखीच्या कोणाकडे तरी मिळेल. नांगरलेल्या भुसभुशीत मातीत चेंडू जेथे पडतो तेथेच रुततो, घरंगळतच नाही. म्हणजे जी कॅरी मैदानावर डोळ्यांनी ठरवणे अवघड, ती तेथे जमिनीवर उमटलेली मिळते. बांधावर सपाट जागी मॅट आणि यंत्र ठेवा, मॅट आणि रान एकाच पातळीत आहे याची खात्री करा आणि वारा सुटण्यापूर्वी, अगदी सकाळी सुरुवात करा. उन्हाचा कॅमेऱ्याला होणारा त्रासही त्या वेळी कमी असतो. मदतीला असलेली माणसे रेषेपासून पुष्कळ बाजूला उभी करा आणि प्रत्येक फटक्यानंतरच त्यांना रानात जाऊ द्या. चेंडू रुतला तेथे क्रमांक लिहिलेली काठी रोवा. नंतर लेझर रेंजफाइंडरने, नाहीतर सरळ मोजणीच्या टेपने अंतर घ्या. १३८ यार्ड म्हणजे सुमारे १२६ मीटर, तेव्हा दीडशे मीटर लांबीचे रान आयर्नसाठी पुरेल. ड्रायव्हरचा मोह त्या दिवशी टाळा.

प्रत्येक काठीसमोर यंत्राची कॅरी आणि जमिनीवरची कॅरी लिहून, वर शिरोलीच्या साहेबांनी सांगितल्याप्रमाणे वजाबाकीचा स्तंभ करा. काठी रेषेच्या डावीकडे किती आणि उजवीकडे किती हेही टिपून ठेवा, कारण दिशा आणि स्पिनचा अक्ष यांची परीक्षा त्यावरूनच होते. तो कागद मला येथे दाखवलात तर मी मुलीच्या क्लबांमधील अंतरांचा तक्ता त्यावरून बसवून देईन.

शिरोली क्यूसी

रानाची काळजी नको. आमचे शिये गावाजवळ रान आहे, या महिन्याअखेरीस तेथील ऊस जाईल आणि यंदा खोडवा ठेवायचा नाही असे ठरलेले आहे. नांगरट झाली की कळवतो. आमच्याकडे पन्नास मीटरची तपासलेली स्टीलची टेप आहे, ती घेऊन मी स्वतः येईन. वजाबाकीच्या स्तंभासाठी छापील तक्ताही आणतो; त्यात वेळ, तापमान आणि चेंडूचा प्रकार लिहायला वेगळे रकाने ठेवले आहेत.